कच्चा आहार सुरू करायचाय, मराठवाड्यात राहून कसा जमवायचा?

पूर्णाकाठ (परभणी)
मंडळी, नमस्कार. वय त्रेचाळीस, दिवसभर खुर्चीवरचं काम, पोट पुढं आलेलं. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ निघाला. डॉक्टर म्हणाले, गोळीची घाई नाही, आधी वजन उतरवा. त्यातच मेहुण्यानं कच्च्या आहाराचं खूळ घेतलंय. पुण्यात असतो. सकाळी दुधीचा नाहीतर पालकाचा रस, दुपारी वाडगाभर मोड आणि फळं, रात्री खोबरं-खजूर. गॅस त्याच्याकडं चहापुरता पेटतो, तोही बायकोच्या चहासाठी. वजन मात्र उतरलंय, हे कबूल करावं लागतं.

मलाही करून बघायचंय. पण त्यानं पाठवलेल्या यादीतलं अर्धं सामान, अ‍ॅव्होकॅडो, झुकिनी, काजूचं चीज, आमच्या मंडईत दिसत नाही. ऑनलाइन मागवावं तर भाव बघूनच साखर वाढते. त्यात घरची अडचण वेगळी. आमच्यात भाकरी न खाणाऱ्याला आजारी समजतात. आईला सांगितलं तर म्हणाली, "कच्चं कामून खायलास? चूल इझली का आपली?"

तर विचारायचं असं की सुरुवात कुठून करू? भाकरी एकदम सोडायची का? ज्वारीला मोड आणून कच्ची खाल्ली तर चालेल का, म्हणजे पोटात ज्वारी गेल्याचं समाधान तरी. आणि आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी. एवढा पाला धुवायचा कशात?

शेतवस्ती (सेलू)
बाकीचं नंतर बोलू, आधी ते मोडाच्या ज्वारीचं डोक्यातून काढा भाऊ. कोवळ्या ज्वारीत, त्यातही पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत, गुरं शिरली तर काय होतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. किराळ लागतं. धाप लागते, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात, अन् वेळेत इलाज नाही झाला तर चांगला बैल बघता बघता आडवा होतो. त्या कोवळ्या ताटात धुरीन नावाचं द्रव्य असतं. चावलं, चिरडलं की त्यातनं हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. दाण्याला मोड आला की त्या कोंबातबी तेच तयार होतं. मूग-मटकीचं गणित ज्वारीला लावू नका.

लेकरांच्या सत्त्वासाठी आपल्याकडं ज्वारी मोडवतात, पण ती वाळवतात, कोंब चोळून काढतात, भाजतात, दळतात आणि परत शिजवूनच देतात. ह्यातली एकही पायरी उगाच नाही. पिकलेल्या दाण्यात हे द्रव्य नसल्यासारखंच, त्यामुळं भाकरीला भ्यायचं कारण नाही.

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)
मग हुरडा? तो कच्च्या आहारात धरायचा का? हो म्हणा, पूर्ण हिवाळा कच्चा आहार करतो.

शेतवस्ती (सेलू)
हुरडा आगटीत भाजून, कणीस हातावर चोळून खायचा असतो. गुळभेंडी ज्वारी असो की सुरती. गोवऱ्यांच्या राखेतनं काढलेलं कणीस कच्चं कसं म्हणणार? हरभऱ्याचे डहाळे म्हणा, ते कच्चे. पण तेबी आगटीजवळ बसलं की कोणीतरी आत सरकवतंच.

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)
झालं. योजना बारगळली.

अग्निविना (नांदेड)
पूर्णाकाठ, कोणाचं ऐकून घाबरू नका. मी पूर्ण कच्च्या आहारावर आहे आणि ठणठणीत आहे. ४८ अंशांच्या वर अन्न तापलं की त्यातली एन्झाइम्स मरतात, मग ते मेलेलं अन्न पचवायला शरीराची शक्ती खर्च होते. एकदम सोडा. थोडं थोडं करत बसलात तर भाकरी सुटत नसते. पहिले काही दिवस डोकं दुखेल, ते विष बाहेर पडायलंय असं समजा.

बालाघाटी (बीड)
४८ अंश! आपल्याकडं मे महिन्यात गच्चीवर पत्र्याखाली ठेवलेली काकडीसुद्धा शिजलेली धरावी लागेल मग. आणि सांडग्यांचं काय? डाळ कच्चीच वाटतात, वाळतात उन्हात. निकाल द्या.

ताटवाटी (लातूर)
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. अग्निविना दादा, तुमची तब्येत चांगली आहे याचा आनंदच आहे, पण एन्झाइमचा मुद्दा टिकत नाही. भाजीतली एन्झाइम्स म्हणजे प्रथिनंच. जठरातल्या आम्लात त्यांतली बहुतेक मोडून जातात. आपलं अन्न पचवायला आपली स्वतःची एन्झाइम्स असतात. कच्च्यानं खरोखर राखलं जातं ते क जीवनसत्त्व आणि फोलेट, कारण ही दोन्ही उष्णतेनं आणि पाण्यात शिजवल्यानं कमी होतात. उलट टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं कॅरोटीन शिजवून, थोड्या तेलाबरोबर जास्त मिळतं. म्हणजे काही गोष्टी कच्च्या बऱ्या, काही शिजलेल्या. सगळंच एका बाजूला नाही.

डोकं दुखतं ते बहुतेक वेळा चहा एकदम बंद केल्यामुळं आणि पोटात उष्मांक कमी गेल्यामुळं. विष वगैरे काही निघत नसतं.

आता उष्मांकांचा हिशेब. दोन भाकऱ्यांना साधारण १२० ग्रॅम पीठ धरलं तर ४०० च्या आसपास कॅलरी. तेवढ्याच कॅलरी काकडीतून घ्यायच्या तर पावणेतीन किलो काकडी खावी लागेल. म्हणून वजन उतरतं. त्यात जादू नाही, पोट भरतं आणि ऊर्जा कमी जाते, एवढंच. वजन जास्त असलेल्या माणसाला थोडे दिवस हे फायद्याचं आहे. पण हेच वर्षानुवर्षं रेटलं तर काय होतं, तेही बघितलं गेलंय. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ साली पाचशेहून जास्त कच्चाहारी लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी जवळजवळ ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. आहारात कच्च्याचा वाटा जितका जास्त, तितकं वजन कमी. माझ्याकडं येणाऱ्या मुली 'डिटॉक्स'च्या नावाखाली हेच करतात आणि हिमोग्लोबिन आठवर घेऊन येतात, म्हणून मला जरा राग आहे या विषयाचा. माफ करा.

पूर्णाकाठ, तुमच्यासाठी माझं मत सरळ आहे. रोजच्या दोनपैकी एका जेवणात अर्धं ताट कच्चं करा, भाकरी दोनाची एक करा, वरण आणि ताक ठेवा. सध्या गोळी नाही म्हणताय ते बरंय. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना न सांगता असा बदल करू नये, साखर एकदम खाली जाते. रक्त पातळ करायची वॉरफरिन गोळी घेणाऱ्यांनीही पालेभाजी एकदम वाढवू नये. पाल्यातल्या के जीवनसत्त्वानं त्या गोळीचा परिणाम कमी होतो.

खडूफळा (अंबाजोगाई)
निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे थोडं इतिहासात शिरतो, कंटाळा आला तर पुढं जा.

हे खूळ नवं नाही. गांधीजींनी १८९३ साली प्रिटोरियात न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, भिजवलेले गहू, कडधान्यं, फळं, सुकामेवा. दोन आठवडेसुद्धा टिकला नाही. अशक्तपणा आला, दात दुखायला लागले, सोडून दिला. १९२९ साली परत धरला, सहकाऱ्यांनाही सोबत घेतलं, 'यंग इंडिया'त त्यावर लिहिलं, आणि शेवटी आमांश झाल्यावर थांबवला. तरी निसर्गोपचारावरचा विश्वास काही ढळला नाही, १९४६ मध्ये उरुळीकांचनचा आश्रम उभा राहिला तो त्यातूनच. तिकडं युरोपात झ्युरिकचे डॉक्टर बिर्शर-बेन्नर हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुग्णांना किसलेलं सफरचंद, भिजवलेले ओट, लिंबू असं मिश्रण द्यायचे. आज डब्यात साखर घालून विकतात ते म्युझली मूळचं हे.

सांगायचा मतलब, प्रयोग करणाऱ्यांत मोठमोठी माणसं होऊन गेली, आणि त्यातल्या सर्वांत हट्टी माणसालाही पोटापुढं हात टेकावे लागले.

लेकीची_माय (धाराशिव)
सगळं वाचलं. मला हसू येतंय की तुम्ही सगळे कच्चा आहार पुण्याहून आणायला निघालाव. आपल्या ताटात काय कमी कच्चं असतंय का? पाथरीच्या रानभाजीचा पाला आपण कधी शिजवला? भाकरीवर मीठ-तेल टाकून तसाच खायचा. करडईचा कोवळा पाला, कांद्याची पात, मुळा पाल्यासकट, वाळूक, शेंदाड, डहाळे, कवठ, बोरं. चैत्रात हरभऱ्याची डाळ भिजवून कैरी किसून आंबाडाळ. यातलं काय शिजतंय? आंबाडाळीला वरून फोडणी पडते तेवढीच, ती नका घालू.

आणि मेथीचा घोळाना. पूर्णाकाठ भाऊ, तुम्ही इथूनच सुरू करा. मी सांगते तसा करून बघा. मेथी कोवळी घ्या, फुलं आलेली नको, ती कडू लागते. पानं हातानं खुडायची, कोवळे देठ राहू द्यायचे. धुऊन फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्यायची, इथं घाई केली की सगळा चिखल होतो. मग विळीवर जाडसर चिरायची. कांदा बारीक, हिरवी मिरची किंवा काळं तिखट, मूठभर शेंगदाण्याचं जाडं कूट. वरून घाण्याचं करडईचं नाहीतर शेंगांचं कच्चं तेल, फोडणी न करता. तेल आधी पाल्याला चोळून घ्यायचं आणि मीठ ताटात वाढताना टाकायचं. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं अन् मेथी लोळागोळा होते. लिंबू वरून. एका भाकरीला हा वाडगाभर खाल्ला की दुसरी भाकरी मागायचं ध्यान राहत नाही.

घरात कोणी विचारलं की सांगायचं, घोळाना केलाय. कच्चा आहार म्हणायचंच नाही. तुमची आई पण खाईल बघा.

बालाघाटी (बीड)
ताई, शेंदाडाची आठवण काढून अन्याय केलात. आमच्याकडं तुरीत, कापसात आपोआप यायची, आता तणनाशकानं गेली. विकत मिळत नाहीत.

फळांचं एक सांगा ना कोणी. आमच्या भागात आता सीताफळाचा हंगाम सुरू झालाय. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. कच्च्या आहाराच्या नावावर दिवसाला पाच-सहा हाणली तर?

ताटवाटी (लातूर)
हाणा, पण साखर ६.१ असलेल्यानं नको. सीताफळ, केळी, उन्हाळ्यात केसर आंबा, ही फळं कच्चीच खातो म्हणून ती कितीही चालतात असं नाही. पूर्णाकाठ यांच्यासाठी पेरू, बोरं, आवळा, जालन्याची मोसंबी, तीही रस न काढता फोडी करून. रस काढला की चोथा गेला आणि तीन मोसंब्यांची साखर एका पेल्यात आली. शेंगदाण्याचंही भान ठेवा. शंभर ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात हे उत्तम, पण कॅलरी ५६० च्या पुढं. मूठभर, ओंजळभर नाही. आणि काळपट, बुरशीचा वास येणारा दाणा चवीला कडवट लागतो, तो थुंकून टाकायचा, गिळायचा नाही. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताला वाईट.

मेहुण्यांच्या दोन रसांबद्दल मात्र बोललंच पाहिजे. दुधीचा रस काढण्याआधी एक फोड चावून बघायची. जराही कडू लागली तर अख्खा दुधी फेकायचा, लिंबू-मध घालून प्यायचा नाही. कडू दुधीच्या रसानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिनंही हेच सांगितलं. कडू वाळूक, कडू काकडीलाही हाच नियम. पालकाचा कच्चा रस रोज पेलाभर पिणं मुतखड्याची खोड असलेल्यानं टाळावं, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं. पालक उकडून पाणी ओतून दिलं की ते बरंच कमी होतं.

अग्निविना (नांदेड)
सगळेच तुटून पडले माझ्यावर. ठीक आहे. पण मोड तरी खाऊ द्याल का? की त्यातही काही काढणार आहात?

ताटवाटी (लातूर)
खा की. मूग, मटकी खुशाल खा. राजमा, सोयाबीन, पावटा कच्चे नको, मोड आले तरी नको. राजम्यातलं लेक्टिन नीट उकळल्याशिवाय जात नाही, थोडे कच्चे दाणे खाल्ले तरी उलट्या सुरू होतात. आणि मोडांची स्वच्छता हा गमतीचा विषय नाही. २०११ साली जर्मनीत मोडांतून ई. कोलायची साथ आली, पन्नासहून जास्त लोक गेले, आणि माग काढत गेले तेव्हा संशय स्थिरावला मेथीच्या बियांवर. ओलसर, उबदार फडकं जंतूंनाही मोडांइतकंच मानवतं. हिवाळ्यात ठीक, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं रात्रभरात आंबूस वास येतो, तसे मोड टाकून द्या. गरोदर बाई, म्हातारी माणसं, लहान मुलं यांना मोड वाफवूनच.

तुमच्यासाठी एकच विनंती. पूर्ण कच्चा आणि त्यात दूध-दही पण बंद असेल तर बी१२ तपासून घ्या. वनस्पतीतून ते भरवशानं मिळत नाही. ठणठणीत वाटत असतानाच ते हळूहळू संपत असतं, हातापायाला मुंग्या यायला लागल्या की उशीर झालेला असतो.

अग्निविना (नांदेड)
दूध बंदच आहे. बघतो तपासून.

टँकरची_वाट (औसा)
पाण्याच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितोय. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही हे सगळं भोगलंय. त्या उन्हाळ्यात घरात पालेभाजी आणायची नाही असा आमचा नियमच होता. पाणी नसताना कच्चा पाला खाणं म्हणजे दुखणं विकत घेणं. शिजवलेल्या भाजीत राहिलेली घाण चुलीवर मरते, कच्च्यात नाही.

आणि घाण म्हणजे नुसती माती नव्हे. नाल्याच्या पाण्यावर काढलेली कोथिंबीर, कोबी, मेथी यांना जंतांची अंडी चिकटलेली असतात. डुकरातल्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून शेतात येतात, पानावरून पोटात जातात आणि तिथून मेंदूत गाठ होऊन माणसाला फिट येते. आमच्या नात्यातल्या माळकरी माणसाला हे झालं. मांस कधी शिवलं नाही, तरी. डॉक्टरांनी आधी खाण्याचंच विचारलं.

मी करतो ते सांगतो. पालेभाजी ओळखीच्या, विहिरीवर भिजवणाऱ्या माणसाकडूनच. तीन घमेली मांडायची. पहिल्यात जुडी सोडून माती खाली बसू द्यायची, पाला वरून उचलून दुसऱ्यात, तिथं पान न् पान बोटांनी चोळायचं, मग तिसऱ्यात प्यायच्या पाण्यानं हिसळून, शेवटचा तांब्या वरून ओतायचा. पाला उचलायचा, पाणी पाल्यावर ओतून गाळायचं नाही, नाहीतर बसलेली माती परत वर. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्यानं ती अंडी मरत नाहीत, चोळूनच जातात. तिसऱ्याचं पाणी उद्या पहिल्यात, पहिल्याचं कढीपत्त्याला. एवढं पाणी ज्या दिवशी नाही त्या दिवशी सालाचं खायचं. केळी, मोसंबी, सोललेलं वाळूक, सोललेला मुळा, कांदा. कोबीची वरची पानं काढून फेकायची.

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)
आमच्यासारख्या खोली करून राहणाऱ्यांचं काय? मेस आहे, भाजीत तेलाचा तवंग, सोबत कांद्याच्या दोन चकत्या. त्या चकत्याही सकाळच्या असतात.

लेकीची_माय (धाराशिव)
एक सुरी, एक ताट अन् एक बरणी घ्या लेकरा. बरणीत शेंगदाणे भिजवा रात्री. काकडी, गाजर, पेरू आणून स्वतः धुऊन, सोलून मेसच्या ताटाशेजारी ठेवा. मेसचा चिरलेला कांदा खाऊ नका, कधी चिरलेला आहे देव जाणे. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, इकडं या, शेतात भज्जी अन् आंबील खायला. ते सगळं शिजलेलं असतं, आधीच सांगते.

पूर्णाकाठ (परभणी)
सगळ्यांचे आभार. मोडाची ज्वारी बाद, दुधीचा रस बाद. दिवाळीचा फराळ उरकला की सुरू करतो, रात्रीच्या जेवणापासून. एक भाकरी, वाटीभर वरण, बाकी ताट कच्चं. दुपारी डबा आहे तसाच राहील, ऑफिसात घोळान्याचा कांदा दरवळला तर शेजारचे खुर्ची बदलतील. तीन महिन्यांनी रक्त तपासून इथंच आकडा टाकतो.

आईला घोळान्याचं बोललो. म्हणाली, "ते व्हय! मग मेथीचा कशाला, करडईचा कर." आता करडईचा पाला परभणीत कुठं मिळेल? मंडईत दोन्ही बाजूंनी फिरलो, कोणाकडं नाही.

शेतवस्ती (सेलू)
मंडईत मिळायचा नाही. एक तर पेरा कमी झालाय, सगळे सोयाबीन काढून हरभऱ्यावर जायलेत. दुसरं, तो पाला विकायला कोणी नेतच नाही, विरळणीत उपटलेली रोपं बांधावर टाकतो आम्ही. माझी दोन एकर पेरून झाली, उगवलीय. येत्या आठ-दहा दिवसांत विरळणी निघेल. त्याच दिवसांत खायचा, पुढं पानाला काटे धरतात. रविवारी या सेलूला, येताना मोठी पिशवी आणा, अन् पाण्याचा विचार करू नका, विहिरीवरच धुऊन घ्या.